पडीची साक्ष

दलित स्वकथने वाचण्याची एक ठरीव रीत आपल्याकडे पडून गेली आहे. भूक, अपमान, दारिद्र्य आणि शेवटी विद्रोह. एम. ए.चे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत याच चार पायऱ्या चढतात आणि वरच्या पायरीवर उभे राहून गुण घेतात. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माझ्या तक्रारीचा रोख समीक्षेवर आहे. तिने ही पुस्तके दुःखाची कागदपत्रे म्हणून जपली. ज्ञानाची कागदपत्रे म्हणून ती कधी उघडलीच नाहीत. हे मला एका साध्या, शेणामातीच्या विषयावरून दाखवायचे आहे. तो विषय म्हणजे गुरांची साथ.

साथीचा अर्थ बीड जिल्ह्याला कोशात पाहावा लागत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लम्पी दिसला आणि काही आठवड्यांत राज्यभर पसरला. रोग जगाला नवा नव्हता. १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात, त्याची पहिली नोंद झाली. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आढळला, २०२० मध्ये गडचिरोलीच्या सिरोंच्यात येऊन गेला. देवीच्या कुळातला हा विषाणू. डास, चावऱ्या माश्या आणि गोचिडे त्याला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर नेतात. आधी ताप येतो, मग अंगभर गाठी उठतात, पाय सुजतात आणि अशक्त जनावर एकदा बसले की उठत नाही. माणसाला हा रोग होत नाही. सरकारने २००९ च्या प्राणी-रोगप्रतिबंधक कायद्याखाली राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले, गुरांचे बाजार आणि शर्यती बंद केल्या, शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना टोचली. राज्यातल्या जवळजवळ १ कोटी ४० लाख गोवंशासाठी ही धावपळ होती, आणि डॉक्टर मंडळींनी ती केली. त्यांचे श्रम नाकारण्याचे मला कारण नाही.

गायीमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,०००, वासरामागे १६,००० अशी मदत ठरली. आमचा जिल्हा ऊसतोड्यांचा. कारखान्याचे बॉयलर पेटायच्या सुमारास बैलगाड्या घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते आणि ती फेडायची ताकद बैलाच्या खांद्यात असते. बैल मेला तर उचल मरत नाही. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना २५,००० चा आकडा किती थिटा आहे हे सांगावे लागणार नाही.

पण मदत मिळण्याआधी पंचनामा होतो. मी त्या दिवसांत आमच्या गावचे काही पंचनामे वाचले. व्यवसायाने मी मजकूर वाचणारा माणूस आहे. कादंबरी काय आणि पंचनामा काय, मजकुराने काय गाळले हे पाहण्याची खोड जडली आहे. मालकाचे नाव, जनावराचा रंग, वय, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, मृत्यूची तारीख, डॉक्टरची सही, पंचांच्या सह्या. प्रेताची शास्त्रोक्त विल्हेवाट लावली, असे शेवटी एक वाक्य. या वाक्यात कर्ता नाही. लावली, कोणी लावली? जेसीबी खड्डा घेतो, पण जेसीबी गोठ्यात शिरत नाही. फुगलेल्या बैलाच्या पायांना दोर बांधून, दावणीतून सोडवून, दारातून आडवा-उभा करून त्याला ट्रॅक्टरच्या साखळीपर्यंत आणावे लागते. हे काम आमच्या गावात ज्यांना सांगितले गेले त्यांची वस्ती कोणती, हे या त्रैमासिकाच्या वाचकाला वेगळे कळवायला नको. डॉक्टरांच्या हातात मोजे होते. दोर बांधणाऱ्यांनी खताच्या पिशव्या हाताला गुंडाळल्या होत्या.

हा गाळलेला कर्ता फार जुना आहे. इंग्रजी अमलात हॅलनच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथींची चौकशी करणारे एक मंडळ नेमले गेले. त्याचा अहवाल १८७१ चा. त्यातून पुढे १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, ती १८९३ मध्ये कुमाऊँच्या मुक्तेश्वरला हलवली. बुळकांडीने त्या काळी खेडीच्या खेडी ओस पाडली होती. तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी, घाण हगवण आणि आठवडाभरात मृत्यू. मात्र त्याच काळात सरकारी दप्तरांत आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत दुसरी एक कथाही रचली जात होती. गुरे मरतात ती साथीने नव्हे, कातड्याच्या लोभाने चांभार त्यांना सोमल घालतात. गुंजांच्या लगद्याच्या सुया करून टोचतात. कातड्याला परदेशी बाजार मिळाला तसा हा संशय वाढला. विषप्रयोग कधीच झाले नाहीत असे मी म्हणत नाही. परंतु जंतू डोळ्यांना दिसत नव्हता आणि कातडे सोलणारा दिसत होता, तेव्हा कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणे सोपे होते. सौरभ मिश्र आणि रामनारायण रावत या अभ्यासकांनी उत्तर भारताच्या संदर्भात हा सगळा व्यवहार तपासला आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तो वाचावा. चौकशीत जो पहिला साक्षीदार व्हायचा तो पहिला आरोपी झाला.

आता साहित्याकडे वळू. आपल्या ग्रामीण कादंबरीला जनावराचे प्रेम आहे, यात वाद नाही. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) सालगडी नारबाला माणसांत गोत नाही, म्हणून तो जनावरांत गोत शोधतो; मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि हे गोत तुटते. मराठीत जनावराशी असलेल्या नात्याचे इतके सखोल चित्रण दुसरे क्वचितच असेल. पण या परंपरेचे दुःख दावणीपाशी संपते. खुंटा रिकामा झाला की कादंबरीकार डोळे पुसतो आणि दुसऱ्या प्रकरणाकडे जातो. मेलेले जनावर गोठ्याच्या मागल्या वाटेने कुठे गेले, हे तो विचारत नाही. ते जिथे जाते तिथून दुसरे साहित्य सुरू होते.

त्रिं. ना. आत्र्यांनी 'गावगाडा'त (१९१५) महारमांगांच्या मिळकतींचा हिशेब मांडला, त्यात पडीचे मढेही मोजले. महसूल खात्यातल्या माणसाची ती नजर. तिला पड हे उत्पन्न दिसले. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८), आमच्या मराठवाड्यातल्या प्र. ई. सोनकांबळ्यांच्या 'आठवणींचे पक्षी'मध्ये (१९७९) तीच पड आतून दिसते. पण माझ्या विषयाला सर्वांत जवळचे पुस्तक बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६). गावात गुरांची साथ आली की महारवाड्याला सुगी वाटे, हे बेबीताईंनी लाज न बाळगता लिहिले. सडलेला, पू धरलेला भाग कापून टाकायचा, उरलेले घ्यायचे आणि ते खायला हरकत नाही अशी मनाची समजूत घालायची, हेही लिहिले. समीक्षकांनी या पानांवर हळहळ व्यक्त केली. काहींना किळस आली, ती त्यांनी 'दाहक वास्तव' या शब्दाखाली झाकली.

मला या पानांत तपासणी दिसते. जो भाग टाकायचा आणि जो ठेवायचा त्यांच्यातली रेघ कोणीतरी हाताने आखली आहे. ती रेघ आखणारी बाई कोणत्याही पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेली नव्हती; पण आतडी, काळीज, फुप्फुस यांच्यावर रोगाने काय खूण ठेवली हे तिने जितक्या जवळून पाहिले तितके गावातल्या कोणीच पाहिले नव्हते. मालक जनावराला बाहेरून ओळखतो. आतून ओळखणारा एकच.

माझे आजोबा केजच्या बाजूला एका खेड्यात ही कामे करीत. सही त्यांना येत नव्हती. घरात पहिला पदवीधर मी, म्हणून माझ्याशी ते या गोष्टी बोलायला कचरत. मीच खोदून विचारले. फऱ्या झालेल्या जनावराच्या मांडीवर तळहात दाबला की कातड्याखाली चर्रचर्र वाजते. घटसर्पाचा गळा सुजतो आणि जनावर घरघरत जाते. आणि एक नियम त्यांनी आवाज खाली आणून सांगितला : "मेल्यावर अंग ताठंना, नाकातलं काळं रगत थिजंना, त्याला सुरी लावायची न्हाई. तसंच पुरायचं." हा फाशी रोग. शास्त्र तेच सांगते. त्याचा जंतू रॉबर्ट कॉखने १८७६ साली सिद्ध केला. प्रेत फाडले की हवेच्या संपर्काने तो बीजरूप धरतो आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतो. सोलणाऱ्याच्या हाताला त्यापासून काळपुळी उठते. आजोबांच्या चुलत्याचा जीव अशाच पुळीने गेला, तेव्हापासून आमच्या भावकीत हा नियम.

कोणी याला देशी शहाणपण म्हणून डोक्यावर घेऊ नये. प्रयोगशाळेत सशाउंदरांवर झाले ते आमच्याकडे माणसांवर झाले, एवढाच त्याचा इतिहास. तरीही ते ज्ञान आहे. बुळकांडी १९९५ नंतर भारतात दिसली नाही आणि २०११ मध्ये ती जगातून संपल्याची घोषणा झाली. त्या मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात आफ्रिकेतल्या गुराख्यांना विचारून रोगाचा माग काढला गेला, त्यांच्यातूनच लस टोचणारे तयार केले गेले. अडाणी म्हटल्या गेलेल्या गुराख्याचा शब्द तिथे पुरावा ठरला. सोलणाऱ्याचा शब्द असा पुरावा ठरल्याचे आपल्याकडच्या कोणत्या अहवालात माझ्या वाचनात आलेले नाही.

इथे कार्यकर्ता मित्र मला अडवतील. बाबासाहेबांनी महाडला १९२७ च्या मार्चमध्ये मृतमांस सोडायला सांगितले. पड ओढणे हे चळवळीने गुलामीचे चिन्ह म्हणून टाकले. आणि आता एक प्राध्यापक त्यात ज्ञान शोधतो, हे उलटे चालणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या उत्पन्नाचा हिशेब सांगणाऱ्याचा किस्सा सांगितला आहे. ते उत्पन्न तुम्हीच घ्या, वर मी पैसे देतो, असे त्यांचे उत्तर होते. त्याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. पण काम टाकणे वेगळे आणि त्या कामातून आलेली समज शत्रूच्या हवाली करणे वेगळे. आपण पड टाकली तेव्हा गावाने बहिष्कार घातले, मारहाण केली, कारण आपल्या मढ्यांची सोय गावाने कधी केलीच नव्हती. २०१६ च्या जुलैत उनाच्या अत्याचारानंतर गुजरातेत दलितांनी मेलेली गुरे सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे नेऊन टाकली, तेव्हा हीच गोष्ट दुर्गंधीसकट सिद्ध झाली.

आणखी एक साक्षीदार या मधल्या काळात नाहीसा झाला. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, त्यांची प्रेते खाणारी गिधाडे मेली. जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झाले, तोवर आभाळ रिकामे झाले होते. गिधाडाने जागा सोडली त्यावर शोधनिबंध निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. महारवाड्याने जागा सोडली त्याची नोंद शास्त्राने घेतली नाही.

आमच्या गावात २०२२ साली दोन तरुणांनी बैलामागे ५०० रुपये सांगितले. गाव चिडले. "आता ह्यालाबी पैसं?" असे एक जुने गृहस्थ माझ्यासमोर म्हणाले, ट्रॅक्टरवाल्याला डिझेलसकट भाडे देताना त्यांना काही वाटले नव्हते. आमच्या वस्तीतही या पोरांना बोल लावणारे निघाले, पुन्हा तेच काम कशाला म्हणून. मला त्या पोरांचे चुकले असे वाटत नाही. भाव त्यांनी ठरवला, नाही म्हणायची मोकळीक त्यांना होती, आणि एकाने दुसऱ्या दिवशी नाही म्हटलेही. वतन आणि मजुरी यांत हा फरक आहे. मात्र विचारायला माणूस त्यांच्याच दारी आला, मराठ्यांच्या किंवा वंजाऱ्यांच्या बेकार पोरांच्या दारी गेला नाही, एवढा भाग अजून वतनाचाच आहे.

यंदा 'जिणं आमुचं' शिकवताना त्या पानांशेजारी मी लम्पीच्या पंचनाम्याची एक प्रत, नावे खोडून, वाचायला दिली. कर्ता शोधा, एवढेच काम. एका मुलीने विचारले, "सर, ओढणाऱ्याचा रकाना घातला, तर त्यात जात लिहायची का?" तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग उठेना. अर्ध्या मुलांचे म्हणणे पडले, लिहू नये. एकदा कागदावर आली की पुढच्या साथीत तीच यादी घेऊन शिपाई दारात येईल. उरलेल्यांचे म्हणणे, न लिहिल्यानेच तर आजवर शिपाई यादीशिवाय येत राहिला.