लेख खुला, पण जीवाश्म? एका मुक्त शोधनिबंधाचे चिकित्सक वाचन

मुक्त प्रवेश असलेली संशोधनपत्रिका म्हणजे काय, हे तुम्ही परीक्षेसाठी पाठ केले असेल: जिच्यातील लेख कोणालाही, कोठूनही, वर्गणी न भरता वाचता येतात ती. व्याख्या बरोबर आहे, पण अपुरी आहे. लेख वाचायला मिळाला, तर त्यातील दावा तपासायलाही मिळाला का, हा प्रश्न तिच्यात येत नाही. या टिपणात आपण एक शोधनिबंध हाती घेऊन हाच प्रश्न विचारणार आहोत.

1. पार्श्वभूमी : जबलपूरची माती

जबलपूरच्या घमापूर भागात राहणारी भूशास्त्राची एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. तिच्याच शहरातील बडा सिमला टेकडीवर 1828 मध्ये कॅप्टन स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला अश्मीभूत हाडे सापडली. पुढे 1877 मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. भारतातून नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. ज्या खडकांत हे अवशेष सापडतात त्यांना ‘लमेटा शैलसमूह’ म्हणतात. हे नावही जबलपूरजवळच्या, नर्मदेवरील लमेटा घाटावरून आले आहे. हेच खडक पश्चिमेला गुजरातपर्यंत आणि दक्षिणेला चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यापर्यंत आढळतात.

म्हणजे विषय या विद्यार्थिनीच्या घराजवळचा आहे. पण तिच्या महाविद्यालयाने वर्गणी भरलेली नसेल, तर त्यावरचे बरेचसे लेखन तिच्यासाठी कुलपात असते. सारांश दिसतो, पुढे पैसे मागितले जातात. टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव टिकण्याजोगे नाही, कारण ज्या मणक्यांवरून ते दिले त्यांच्यात या प्राण्याला वेगळे ठरवणारे वैशिष्ट्य नाही, हा निष्कर्ष विल्सन आणि अपचर्च यांनी 2003 मध्ये मांडला, तोही वर्गणीच्या पत्रिकेत.

2. शोधनिबंध काय सांगतो?

आता खुला लेख पाहू. मार्च 2010 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या मुक्त पत्रिकेत जेफ्री विल्सन, धनंजय मोहबे, शॅनन पीटर्स आणि जेसन हेड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गुजरातमधील ढोली डुंगरी येथील लमेटा खडकांत सुमारे 6 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा एक साप डायनोसॉरच्या घरट्यात सापडला. सापाची लांबी सुमारे साडेतीन मीटर. त्याने एका फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेले, शेजारी सुमारे अर्ध्या मीटरचे, नुकतेच बाहेर आलेले पिल्लू. लेखकांनी सापाला ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव दिले आणि तो डायनोसॉरची पिल्ले खात असे, असा निष्कर्ष काढला.

निबंधाचे बळ त्याच्या युक्तिवादात आहे. साप आणि अंडे वाहत येऊन योगायोगाने एकत्र पडले नसतील कशावरून? लेखक तीन आधार देतात. एक, सांगाडा आणि अंडी फारशी विस्कटलेली नाहीत, म्हणजे सारे जागच्या जागी झटपट गाडले गेले. दोन, त्याच ठिकाणी साप आणि अंडी एकत्र असल्याची आणखी उदाहरणे मिळाली आहेत. तीन, या सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा खूप ताणला जाणारा नव्हता, त्यामुळे अख्खे अंडे गिळणे त्याला जमले नसते, पिल्लू मात्र जमले असते.

3. आक्षेप कुठे घ्यावा?

निबंधाचे शीर्षकच पिल्लांच्या शिकारीची बातमी देते, जणू ती कोणी पाहिली आहे. प्रत्यक्षात सापाच्या पोटात पिल्लाचे अवशेष मिळालेले नाहीत. शिकार हे अनुमान आहे. ते चांगले आहे, कदाचित बरोबरही असेल, पण अनुमानच. शीर्षकातील खात्री आणि मजकुरातील पुरावा यांच्यातले हे अंतर तुम्हाला दिसले पाहिजे. ते दिसण्यासाठी संपूर्ण लेख, आकृत्या आणि मोजमापे समोर हवीत. सारांशावर किंवा वर्तमानपत्रातील बातमीवर विसंबणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. मुक्त प्रवेशाचा खरा उपयोग हा आहे. वाचकाचे पैसे वाचतात हे चांगलेच, पण त्याला हरकत घेण्याचा अधिकार मिळतो हे अधिक महत्त्वाचे.

4. दुरुस्ती कशी झाली?

या जीवाश्माचा आधीचा इतिहास त्याहून बोधप्रद आहे. तो मोहबे यांनीच शोधला होता आणि 1987 मध्ये त्याचे वर्णनही छापले होते. त्या वर्णनात हाडे डायनोसॉरच्या पिल्लाची मानली होती. सापाचा उल्लेख नव्हता. 2001 मध्ये विल्सन यांनी तो दगड पाहिला तेव्हा त्यातील काही मणके सापाचे आहेत हे त्यांच्या लक्षात आले. पुढे दोघांनी मिळून नवा निबंध लिहिला.

नीट पाहा : दुरुस्ती जुना लेख पुन्हा वाचून झाली नाही, दगड पुन्हा पाहून झाली. दगड जपून ठेवलेला होता, मोहबे यांनी तो दुसऱ्या अभ्यासकापुढे ठेवला, म्हणून चौदा वर्षांनी का होईना, चूक सुधारली. 1987 चा लेख कितीही खुला असता तरी केवळ त्याच्या वाचनातून साप सापडण्याची शक्यता थोडीच होती.

जबलपूरचे उदाहरण याच्या उलट आहे. लिडेकर यांच्या वर्णनातील मणका अनेक दशके हरवलेला मानला जात होता. अभ्यासकांना जुन्या वर्णनांवर आणि चित्रांवर भागवावे लागले. 2012 मध्ये तो कोलकात्यातील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात सापडला. मोहबे, सेन आणि विल्सन यांचा त्यावरील लेख 2013 मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय पत्रिकेत आला. तो कोणालाही मोफत वाचता येतो.

5. खुलेपणाची किंमत

आणखी एक बाजू सोडून चालणार नाही. वाचक पैसे देत नाही तेव्हा ते दुसरे कोणीतरी देते. 2003 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ सुरू झाली तेव्हा लेखकाकडून प्रत्येक निबंधामागे 1500 डॉलर घेतले जात. ऐपत नसलेल्यांना सवलतीची सोय होती, पण सवलत मागावी लागते. अशा व्यवस्थेत घमापूरची विद्यार्थिनी वाचक म्हणून आत येते, लेखक म्हणून दारातच अडते. लेखक आणि वाचक दोघांकडूनही पैसे न घेणाऱ्या, संस्थेच्या खर्चाने चालणाऱ्या पत्रिका म्हणूनच महत्त्वाच्या आहेत.

6. निष्कर्ष

मुक्त शोधनिबंध वाचताना तीन प्रश्न विचारा. मला तो पूर्ण वाचता येतो का? त्यातील मोजमापे आणि आकृत्या तपासता येतात का? ज्या वस्तूवर तो उभा आहे, ती कोठे आहे आणि दुसऱ्याला पाहता येते का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असले की पत्रिका स्वतःला मुक्त म्हणवते. विज्ञान खुले होण्यासाठी तिन्ही उत्तरे ‘हो’ हवीत.

सनाजेहचा निबंध पहिल्या दोन कसोट्यांवर उत्तम उतरतो. तिसरी कसोटी पत्रिकेच्या हातात नसते. ती संग्रहालयाच्या नोंदवहीवर, कपाटाच्या किल्लीवर आणि आपला नमुना दुसऱ्याला दाखवण्याच्या वृत्तीवर अवलंबून असते.

सरावासाठी : हा निबंध श्रेयनिर्देशाच्या मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे मूळ लेखकांना श्रेय देऊन त्याचे मराठी भाषांतर कोणीही करू शकते. त्यातील एक आकृती निवडा, तिच्याखालील मजकूर मराठीत आणा आणि त्यात निरीक्षण कोणते व अनुमान कोणते, हे दोन रकान्यांत मांडा.