‘नव्वद टक्के झालं’ म्हणजे नक्की किती?

आजच्या भागात आम्ही फ्रेड ब्रुक्स यांच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या १९७५ सालच्या पुस्तकाबद्दल बोलणार आहोत. थोडं कौतुक, थोडी तक्रार.

आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाची धुरा ब्रुक्स यांनी सांभाळली होती. त्या अनुभवातून त्यांनी सांगितलं, की ‘माणूस-महिना’ हे माप फसवं आहे. आपल्याच भागातलं बघा ना. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात पीसवर काम चालतं. मशिनं आणि कापड असेल, तर कारागीर वाढवले की माल वाढतो. सॉफ्टवेअरच्या डिझाइनचं तसं नाही. तिथे एकमेकांशी बोलून ठरवणं हेच मोठं काम. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या १०, दहा जणांत ४५! म्हणून रखडलेल्या कामात माणसं ओतली की ते आणखी रखडतं.

वेळेची त्यांची वाटणीही लक्षात ठेवण्यासारखी आहे: एक तृतीयांश नियोजनाला, एक षष्ठांश कोडिंगला, उरलेला निम्मा चाचण्यांना. म्हणजे नुसत्या कोडच्या ओळी मोजणारा रिपोर्ट सहाव्या हिश्श्याचाच हिशेब देतो.

इथवर पुस्तक पटतं. आमची तक्रार पुढे आहे. दबावाखाली खोट्या तारखा देऊ नका, असं ब्रुक्स मॅनेजरला बजावतात. पण तारीख चुकल्यावर किंमत कोण मोजतं, हे ते फारसं विचारत नाहीत. अंबरनाथ-बदलापूरहून ऐरोली, पवई गाठणाऱ्यांना विचारा. अंदाज वरच्या मजल्यावर गेला की त्याचं वचन होतं, आणि ते पाळायला यांची रात्रीची लोकल चुकते. १९७५ सालीच चार्ल्स गुडहार्ट यांनी पतधोरणाबद्दल जे म्हटलं, ते इथेही लागू पडतं: आकड्यावरून माणसांना हाकायला लागलं, की आकडा खरं सांगेनासा होतो. टीमने आपल्यापुरते ठरवलेले स्टोरी पॉइंट मग आपोआप फुगतात.

मग मोजायचं काय? आमच्या मते, टक्के सोडा. कोणते प्रश्न सुटले, कोणते अडलेत आणि ते कोणाच्या निर्णयावाचून अडलेत, याची यादी दर आठवड्याला मांडा. तारीखही एकच देऊ नका. ‘लवकरात लवकर’ आणि ‘उशिरात उशिरा’ अशा दोन द्या. यादी लांबली, तर दोन्ही तारखा त्याच दिवशी पुढे सरकवा. शेवटच्या आठवड्यात सांगून उपयोग नाही.