‘वीजरोधक’ : एका संज्ञेची चिकित्सा

हौशी रेडिओचालकाच्या आकाशकापासून यंत्रापर्यंत येणाऱ्या तारेला आकाशातील विजेपासून कसे वाचवावे, हा प्रश्न वरकरणी अभियंत्याचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे, की या विषयासंबंधी मराठीत रूढ असलेले काही प्रयोग प्रत्यक्ष घडणाऱ्या क्रियेचे विपरीत चित्र उभे करतात, आणि त्या चित्राच्या भरवशावर माणसे गच्चीवर जाऊन तारा जोडतात. अशा तीन प्रयोगांची चिकित्सा येथे करावयाची आहे.

पहिला प्रयोग ‘वीज पडणे’ हा होय. संस्कृत ‘विद्युत्’, प्राकृत ‘विज्जु’, मराठी ‘वीज’ ही परंपरा सर्वपरिचित आहे. वीज ‘पडते’ असे म्हटले, की ती वरून येऊन एखाद्या वस्तूवर आदळते आणि आदळली नाही तर संकट टळले, अशी समजूत होते. वस्तुतः थेट आघाताचे प्रसंग विरळच. काही अंतरावर पडलेल्या विजेमुळे लांब तारेत प्रवर्तनाने जो लोंढा उत्पन्न होतो, तोही ग्राहीतील नाजूक घटक जाळण्यास पुरेसा असतो. ‘बिनतारी’ हे जुने नावही या बाबतीत फसवे आहे. कारण संदेश तारेवाचून जात असला, तरी संकट नेमके तारेतूनच घरात शिरते. मुंबईत मेघगर्जना मुख्यतः पावसाळ्याच्या दोन टोकांना होते. त्यामुळे चार महिन्यांच्या दमट, खाऱ्या हवेत गंजलेल्या जोडाची परीक्षा हस्ताच्या पावसात होते.

दुसरी संज्ञा ‘वीजरोधक’. वृत्तपत्रांतील ‘वीज अटकाव यंत्र’ हे तिचेच भावंड. दोन्ही शब्द इंग्रजीतील ‘लायटनिंग अरेस्टर’चे शब्दशः भाषांतर आहेत. या भाषांतरात तीन दोष संभवतात. एक, ‘वीज’ म्हणजे आकाशातील की वीजपुरवठ्याची, हे शब्दावरून कळत नाही. दोन, इमारतीच्या माथ्यावरील आघात झेलणारा दांडा आणि तारेच्या प्रवेशस्थानी बसविलेली लहानशी नलिका या भिन्न साधनांना एकच नाव मिळते. तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. भौतिकशास्त्रात ‘रोध’ ही संज्ञा प्रवाहाला होणाऱ्या विरोधासाठी रूढ आहे. मात्र या नलिकेचे कार्य ऐन प्रसंगी रोध जवळजवळ नाहीसा करणे हेच असते. नलिकेत विरल वायू आणि दोन विद्युतग्रे असतात. पन्नास ओहमच्या तारेतून शंभर वॉट जात असता दाबाचे शिखर सुमारे १०० व्होल्ट असते. तेवढ्याने नलिका जागी होत नाही. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की वायू आयनीभूत होऊन वाहक बनतो आणि लोंढ्याला जमिनीकडे वाट मिळते. जे साधन वाट देते त्याला आपण अडविणारे म्हणतो! या नावाचा परिणाम असा, की नलिका घेतली जाते, पण तिच्यापासून जमिनीपर्यंतची वाट आखूड व भक्कम आहे की नाही, हे पाहिले जात नाही.

तिसरा प्रयोग ‘अर्थिंग देणे’. येथे भूमी म्हणजे शून्य दाबाचे अक्षय भांडार, आणि ते तारेने वर आणून ‘देता’ येते, अशी कल्पना आहे. मरोळमधील एखाद्या सात मजली इमारतीचा विचार करू. गच्चीपासून जमिनीपर्यंतची तार सुमारे २० मीटर. सरळ तारेचे प्रवर्तकत्व दर मीटरला स्थूलमानाने १ मायक्रोहेन्री धरले आणि प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १०,००० ॲम्पिअर या वेगाने वाढला, तर दोन टोकांत २ लक्ष व्होल्टांचा फरक पडतो. अर्थात गच्चीवर पोचलेली ‘भूमी’ त्या क्षणी भूमी राहत नाही. त्यातच आकाशकाची भूमी वेगळी आणि घरातील वीजपुरवठ्याची वेगळी असली, तर रेडिओ यंत्र या दोहोंमधील पूल ठरते आणि लोंढा त्यातून जातो. म्हणून सर्व तारा एका जागी आणून, सर्व भूमिजोड परस्परांना बांधून, सर्वांचा दाब एकदमच चढेल अशी व्यवस्था करणे हेच मर्म होय. ‘देणे’ या क्रियापदात ते येत नाही. ‘बांधणे’ या क्रियापदात येते.

यावर एक आक्षेप योग्य आहे. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, तर व्यवहाराने ठरतो. इंग्रजी शब्दही सदोषच असून तेथे कोणाचे अडत नाही. परंतु इंग्रजी शब्दामागे कारागिरांचा दीर्घ व्यवहार उभा आहे. मराठी संज्ञांचे समर्थन आपण नेहमी याच मुद्द्यावर करतो, की त्या पारदर्शक असतात आणि घटकांवरून विद्यार्थ्यास अर्थ उमगतो. हा गुण सांगावयाचा असेल, तर घटकांवरून चुकीचा अर्थ उमगल्यास त्याची जबाबदारीही परिभाषाकाराने स्वीकारली पाहिजे.

पर्याय दूर शोधावयास नको. विहार आणि पवई तलाव भरले, की जादा पाणी सांडव्यावरून मिठी नदीत उतरते, आणि ती नदी मरोळजवळूनच वाहते. सांडवा पाणी अडवीत नाही. ठरावीक पातळीपर्यंत स्वस्थ राहतो, पातळी ओलांडली की वाट देतो, आणि पुढचे पात्र मोकळे नसेल तर निरुपयोगी ठरतो. वायुनलिकेचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. म्हणून माथ्यावरील दांड्यास ‘तडित्-वाहक’, नलिकेस ‘विद्युत्-सांडवा’ आणि भूमिजोडांच्या एकत्रीकरणास ‘समदाब बांधणी’ म्हणावे, असे सुचवावेसे वाटते. अर्थात सांडवाही सर्वसमर्थ नव्हे. गडगडाट ऐकू येण्यापूर्वीच तार यंत्रापासून सोडवून तिचे टोक घराबाहेर ठेवणे आणि वादळ सुरू झाल्यावर तिला हात न लावणे, हा नियम कोणत्याही संज्ञेने रद्द होत नाही. मात्र ‘रोधक बसविला आहे’ असे म्हणणारा तो नियम विसरण्याचा संभव अधिक, आणि परिभाषेच्या अभ्यासकाने या संभवाची दखल घेणे आवश्यक आहे.