ऑगस्टीनची शाळा

संत ऑगस्टीन यांचा ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ आपल्या घरांतून एका पापी तरुणाच्या परिवर्तनाची कथा म्हणून परिचित आहे. वाट चुकलेला मुलगा, त्याच्यासाठी अश्रू ढाळणारी माता मोनिका, मिलान शहरातील ती बाग आणि शेवटी स्नानसंस्कार, हा कथाभाग आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकला आहे. तो यथार्थच आहे. परंतु तेरा भागांचा हा ग्रंथ पहिल्या पानापासून सलग वाचू लागल्यास एक निराळी गोष्ट ध्यानात येते. आरंभीच्या भागांत शाळा, पाठांतर, छडी, काव्य, वक्तृत्व आणि लेखन यांविषयी विलक्षण बारकाईने लिहिले आहे. एका बुद्धिमान विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाचा मांडलेला तो जमाखर्चच होय.

त्या जमाखर्चाची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. ऑगस्टीन यांनी आपल्या शिक्षणावर मुख्यतः दोन आरोप ठेवले आहेत. साहित्याने आपल्याला कल्पित दुःखासाठी रडावयास शिकविले, हा पहिला. वक्तृत्वाने आपल्याला सत्याची पर्वा न करता बोलावयास शिकविले, हा दुसरा. माझ्या मते दुसरा आरोप त्यांच्या ग्रंथातून पूर्णपणे सिद्ध होतो. पहिला मात्र त्याच ग्रंथाच्या पुराव्यापुढे टिकत नाही. या भेदाला महत्त्व आहे, कारण आपल्या घरांतील मुलांनी काय वाचावे आणि कसे बोलावे हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

ऑगस्टीन यांचा जन्म इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थगास्ते या गावी झाला. आज ते ठिकाण अल्जीरिया देशात आहे. वडील पॅट्रिशियस हे बेताच्या मिळकतीचे गृहस्थ; परंतु मुलाने शिकून मोठे व्हावे ही त्यांची महत्त्वाकांक्षा दांडगी होती. थगास्ते, मग मदौरा आणि पुढे कार्थेज असा शिक्षणाचा प्रवास झाला. मध्यंतरी पैशांअभावी सोळाव्या वर्षी मुलाला घरी बसावे लागले. ‘कन्फेशन्स’ लिहावयास घेतले तेव्हा, म्हणजे इ. स. ३९७ च्या सुमारास, ते हिप्पो नगरीचे महागुरू होते. म्हणजे येथे दोन ऑगस्टीन आहेत: अनुभव घेणारा विद्यार्थी आणि त्या अनुभवाचा न्यायनिवाडा करणारे महागुरू. वाचकांच्या सोयीसाठी पहिल्याचा उल्लेख मी एकवचनी करतो आणि दुसऱ्यांचा आदरार्थी.

शाळेची पहिली आठवण छडीची आहे. लहानग्या ऑगस्टीनने देवाजवळ केलेली पहिली कळकळीची प्रार्थना कोणती, तर शाळेत मार बसू नये, ही. ती ऐकली गेली नाही आणि अंगावरचे वळ पाहून घरची मोठी माणसे हसत. महागुरूंना ते हसू चाळिशी उलटल्यावरही विसरता आलेले नाही. मुले चेंडू खेळली म्हणून त्यांना शिक्षा होते. मोठ्यांचे खेळ मात्र व्यवहार म्हणून गौरविले जातात, असा टोला ते लगावतात. एखादा गुरुजी क्षुल्लक वादात सहकाऱ्याकडून हरला, तर चेंडूच्या खेळात हरलेल्या मुलापेक्षा अधिक जळफळत असे, हेही ते नमूद करतात.

याच ओघात त्यांनी भाषाशिक्षणाविषयी एक निरीक्षण नोंदविले आहे. होमरचे काव्य इतके गोड असूनही ग्रीक भाषा त्याला नकोशी झाली, कारण ती धाकाने शिकविली गेली. लॅटिन मात्र दायांच्या लाडात आणि खेळणाऱ्यांच्या हास्यविनोदात, काही सांगावेसे वाटले म्हणून, आपोआप जिभेवर आली. भयाच्या सक्तीपेक्षा मोकळी जिज्ञासा अधिक शिकविते, असा निष्कर्ष ते काढतात. मात्र त्या जिज्ञासेला शिस्तीचा बांध हवा, असेही लगेच सांगतात. मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम या आपल्या घरोघरच्या वादात या निरीक्षणाची आठवण ठेवावयास हरकत नाही.

आता पहिल्या आरोपाकडे वळू. व्हर्जिल या रोमन महाकवीच्या ‘इनीड’ काव्यात कार्थेजची राणी डायडो ही इनियस या वीरावर प्रेम करते. देवांच्या आज्ञेवरून तो तिला सोडून समुद्रमार्गे निघून जातो आणि ती प्राणत्याग करते. विद्यार्थी ऑगस्टीन या डायडोसाठी रडला. देवापासून दुरावून स्वतःचा आत्मा मरत असताना डोळ्यांत पाणी नाही आणि काव्यातील राणीसाठी मात्र अश्रू, ही केवढी विपरीत गोष्ट, असे महागुरू म्हणतात. इनियस कार्थेजला खरोखर आला होता का, असे विचारल्यास विद्वान नकार देतील, मग हे सारे खोटेच नव्हे काय, असाही त्यांचा प्रश्न आहे.

हा युक्तिवाद प्रभावी आहे. तरी तो स्वीकारण्यापूर्वी याच ग्रंथाचा पाचवा भाग वाचावा. इ. स. ३८३ मध्ये तरुण ऑगस्टीन कार्थेज सोडून रोमला जावयास निघतो. मोनिका त्याला बिलगून बसते. एका मित्राला निरोप द्यावयाचा आहे, अशी थाप मारून तो तिला संत सिप्रियन यांच्या स्मृतिमंदिरात रात्र काढावयास लावतो. वारा सुटतो, शिडे फुगतात, जहाज किनाऱ्यापासून दूर जाते. सकाळी आई किनाऱ्यावर वेडीपिशी होऊन आक्रोश करते. पुरुष समुद्रावर निघून गेला आणि किनाऱ्यावर एक स्त्री रडत राहिली. शहरही तेच, कार्थेज. ‘इनीड’ वाचलेल्या कोणाही वाचकाला हे साम्य दिसल्यावाचून राहत नाही आणि अभ्यासकांनीही ते वारंवार दाखवून दिले आहे. घटना सत्य आहे. परंतु ती सांगण्याचा घाट ऑगस्टीन यांना डायडोने दिला आहे. आपण आईचा कसा विश्वासघात केला हे सांगताना त्यांच्या हाताशी जे सर्वांत समर्थ साधन होते, ते शाळेत रडून वाचलेले काव्यच होते.

मग ते अश्रू वाया गेले, असे कसे म्हणावे? परक्याच्या कल्पित दुःखाने जो मुलगा हेलावला, त्यालाच पुढे आपल्या हातून घडलेले खरे दुःख ओळखता आले. साहित्य माणसाला थेट परमेश्वराजवळ नेत नाही, हे मान्य. परंतु ते हृदयाची माती भुसभुशीत करते, आणि कोरड्या मातीत वचनाचे बीज रुजत नाही. खुद्द ऑगस्टीन यांनीही व्हर्जिलला आयुष्यभर सोडले नाही. इ. स. ४१३ च्या सुमारास आरंभिलेल्या ‘देवाचे नगर’ या महाग्रंथात ते पानोपानी त्याच्याशी वाद घालतात. ज्या कवीशी माणूस म्हातारपणापर्यंत भांडतो, तो त्याच्या अंतरंगात घर करून असतो.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे. त्याची सुरुवात एका शालेय स्पर्धेपासून होते. ट्रॉयच्या राजाला इटलीपासून रोखता येत नाही म्हणून संतापलेली देवी जूनो काय बोलली असेल, ते मुलांनी आपल्या गद्यात रचून सादर करावयाचे. राग आणि दुःख देवीच्या प्रतिष्ठेला शोभेल अशा शब्दांत जो वठवील, त्याची वाहवा. जो चुकेल त्याला अपमान किंवा मार. ऑगस्टीनने टाळ्या मिळविल्या. महागुरू मात्र त्याला धूर आणि वारा म्हणतात.

आपल्या शाळांतील मुलांना हा प्रकार अगदी ओळखीचा वाटेल. ‘मी नदी बोलते’, ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ हे आपले आत्मवृत्तात्मक निबंध त्याच कुळातील आहेत. दुसऱ्याच्या ठायी शिरून त्याच्या मुखाने बोलणे हा व्यायाम मुळात वाईट नाही; नवनिर्मितीचा तो ओनामाच आहे. दोष होता तो पारितोषिकाच्या पद्धतीत. मुलाला त्या रागाविषयी स्वतः काय वाटते, हे कोणी विचारले नाही. महागुरू सुचवितात की त्याऐवजी पवित्र शास्त्रातील देवस्तुतीवर जिभेला वळण देता आले असते. या सूचनेविषयी मला नम्रपणे शंका वाटते. टाळ्या आणि छडी तशीच ठेवून केवळ विषय बदलला, तर फळ बदलेल काय? बायबल पाठांतराच्या स्पर्धेतही चषकासाठीच पाठांतर होऊ शकते.

वक्तृत्वाच्या शाळेतील विसंगती दाखविताना ऑगस्टीन एक बोचरे उदाहरण देतात. लॅटिनमध्ये माणसाला ‘होमो’ म्हणतात. त्यातील ‘ह’ उच्चारावयाचा राहिला, तर विद्वानांच्या सभेत केवढी नाचक्की! पण स्वतः माणूस असून दुसऱ्या माणसाचा द्वेष केला, तर त्याची कोणाला खंत नाही. न्यायालयातील वक्ता विभक्ती चुकू नये म्हणून जपतो. आपल्या भाषणाने एक जीव माणसांतून उठविला जातो आहे, याची मात्र त्याला फिकीर नसते. व्याकरणाचे नियम काटेकोर आणि नीतीचे सैल, हे त्या शिक्षणाचे स्वरूप होते.

तरीही त्याच शिक्षणक्रमात उद्धाराचा धागा सापडला. एकोणिसाव्या वर्षी, नेमलेल्या पुस्तकांत, सिसेरोचा ‘हॉर्टेन्सियस’ हा आज लुप्त झालेला ग्रंथ हाती आला. विद्यार्थी भाषेसाठी म्हणून तो वाचत. ऑगस्टीनला प्रथमच बोलण्याच्या शैलीपेक्षा बोललेली गोष्ट महत्त्वाची वाटली आणि ज्ञानाची ओढ लागली. म्हणजे अभ्यासक्रमातील एक पुस्तक अभ्यासक्रमाच्या हेतूवर मात करून गेले. शिक्षकांनी याचा विचार करावा.

पुढे तो स्वतः वक्तृत्वाचा शिक्षक झाला. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी त्याने सौंदर्यावर एक पुस्तक लिहून ते रोमच्या एका नामांकित वक्त्याला अर्पण केले. त्या वक्त्याला त्याने पाहिलेही नव्हते. केवळ त्याची कीर्ती ऐकली होती. ते पुस्तक लेखकाजवळूनच हरवले. मग फॉस्टस नावाचा मॅनिकी पंथाचा मधुरभाषी उपदेशक भेटला. पण प्रश्न विचारताच त्याच्या ज्ञानाचा तळ दिसला. गोष्ट सुंदर शब्दांत सांगितली म्हणून खरी ठरत नाही आणि ओबडधोबड शब्दांत सांगितली म्हणूनही खरी ठरत नाही, हा धडा त्यातून मिळाला. अन्न चांगले की वाईट, हे ताटावरून ठरत नाही. इ. स. ३८४ मध्ये मिलान येथे अधिकृत वक्तृत्वशिक्षकाची जागा मिळाली. तेथील महागुरू संत अँब्रोज यांची प्रवचने तो केवळ त्यांचे वक्तृत्व पारखण्यासाठी ऐकू लागला. परंतु शब्दांसाठी दार उघडले, तेव्हा त्यांच्याबरोबर आशयही हळूहळू आत आला.

अखेरचा धक्का एका भाषणाने दिला. सम्राटाचे स्तुतिगान करावयाचे होते. आपण खोटे बोलणार आणि ते खोटे आहे हे जाणणारेच टाळ्या वाजविणार, याचे ओझे मनावर असताना रस्त्यात एक मद्यधुंद भिकारी हसताना दिसला. दोघांतही खरा आनंद नव्हता. परंतु भिकारी निदान हसत होता, आणि त्याने आपला पैसा लोकांना शुभेच्छा देऊन मिळविला होता. इ. स. ३८६ मध्ये द्राक्षांच्या हंगामाची सुट्टी येताच ऑगस्टीनने शब्दांचा हा बाजार सोडला आणि पुढील वर्षी ईस्टरला स्नानसंस्कार घेतला.

त्यानंतर वक्तृत्वाचे काय झाले? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर ‘कन्फेशन्स’च्या रचनेत आहे. संपूर्ण ग्रंथ परमेश्वराला उद्देशून, ‘तू’ असे संबोधून लिहिला आहे. वक्ता श्रोत्याचे मन वळवितो. पण जो सर्व जाणतो त्याचे मन वळविणार कसे? त्याच्यापुढे अलंकाराने काही लपत नाही आणि वाढतही नाही. तेथे बोलणाऱ्याला खरेच बोलावे लागते, आणि वळते ते बोलणाऱ्याचेच मन. आपण वाचक बाजूला उभे राहून ते ऐकतो आणि नकळत आपलेही मन हलते. शाळेने दिलेली सगळी कला येथे आहे. फक्त श्रोता बदलला आहे.

महागुरू झाल्यावर याच जाणिवेने त्यांनी प्रवचनकारांना मार्गदर्शन केले. ख्रिस्ती शिकवणीविषयीच्या त्यांच्या ग्रंथाचा चौथा भाग आयुष्याच्या संध्याकाळी पूर्ण झाला. असत्याचे समर्थक प्रभावी बोलत असता सत्याच्या सेवकांनी नीरस का बोलावे, असे ते त्यात विचारतात. पण त्याच वेळी कुलूप उघडणारी लाकडी किल्ली न उघडणाऱ्या सोन्याच्या किल्लीपेक्षा बरी, असेही सांगतात. लोकांना कळत असेल तर व्याकरणदृष्ट्या अशुद्ध शब्दही चालेल, ही त्यांनी दिलेली मुभा वाचताना ‘होमो’च्या ‘ह’ची आठवण होते. आपले बोलणे कंटाळवाणे होते अशी तक्रार करणाऱ्या डिओग्रासियस या कार्थेजच्या उपधर्मगुरूला त्यांनी धीर दिला, की आपले स्वतःचे बोलणे आपल्यालाही बहुधा आवडत नाही. आम्हा प्रवचन करणाऱ्यांना हे वाचून मोठा दिलासा मिळतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाच्या महत्त्वाविषयी एक पत्र लिहिले. साहित्याला निव्वळ करमणूक समजणाऱ्या वृत्तीबद्दल त्यांनी त्यात खेद व्यक्त केला. १९६४-६५ मध्ये ते अर्जेंटिनातील सांता फे येथे जेझुइट शाळेत साहित्य शिकवीत होते. ‘एल सिद’ हे जुने महाकाव्य नेमलेले असता मुलांना लोर्का हा आधुनिक कवी हवा होता. त्यांनी ‘एल सिद’ घरी वाचावयास सांगून वर्गात मुलांच्या आवडीचे लेखक घेतले, आणि पुढे मुलांची गोडी इतर लेखकांपर्यंत पसरली. ऑगस्टीन यांनी सांगितलेली मोकळी जिज्ञासा ती हीच.

आपल्या धर्मग्रामातील पालकांना म्हणूनच दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलगी कादंबरी वाचताना रडली, तर तिच्या हातातील पुस्तक काढून घेऊ नका. ती कोणासाठी रडली, एवढे मात्र विचारा. आणि वक्तृत्व स्पर्धेसाठी भाषण लिहून देऊन ते घोकून घेण्यापूर्वी मुलाला विचारा, की यातले तुला स्वतःला किती पटते? जे पटत नाही ते गाळावे. भाषण आखूड होईल आणि कदाचित चषकही मिळणार नाही. परंतु मूल जे बोलेल, ते त्याचे स्वतःचे असेल.