पायऱ्यांच्या तळाशी पाणी

देगलूरला सोनं गावातच घेतात. हिरा घ्यायचा तर मात्र लोक हैदराबादची गाडी पकडतात. मावशीची अंगठीही तिकडूनच आली. मधे एक कॅरटचा चौकोनी नग, चारही कोपरे छाटलेले. घरात सगळ्यांचं मत एकच पडलं: एवढे पैसे मोजून एवढासाच, आणि फारसा चमकतही नाही. दुपारी ओसरीवर, दारातून येणाऱ्या उजेडात, मी ती अंगठी दहापट भिंगाखाली धरली आणि मग अर्धा तास खाली ठेवली नाही.

वरून पाहिलं की चौकोनात चौकोन, त्यात आणखी एक चौकोन आणि अगदी तळाशी टिंब. मराठवाड्यातल्या माणसाला हे चित्र नवं नाही. बारवेच्या काठावर उभं राहून खाली पाहावं, तसे टप्पे आत आत लहान होत जातात आणि शेवटी पाणी दिसतं. हिऱ्याच्या स्वच्छतेलाही आपण पाणीच म्हणतो. हा शब्द किती नेमका आहे, ते मला या घाटात कळलं.

हा घाट अ‍ॅम्स्टरडॅमच्या जोसेफ ॲशर यांनी 1902 मध्ये घडवला. रत्नाच्या प्रतीचा जगातला सर्वांत मोठा कच्चा हिरा, कलिनन, 1908 मध्ये फोडला तो याच ॲशर घराण्याने. पण चौकोन मुळात हिऱ्याचा स्वतःचाच. आपल्या जुन्या रत्नपरीक्षेत उत्तम हिऱ्याला सहा टोकं, आठ बाजू आणि बारा धारा सांगितल्या आहेत, म्हणजे दोन मनोरे पायाला पाया लावून जोडलेले. तो खडा मधोमध कापला की चौकोन समोर येतो. कारागिराने त्याला पायऱ्या दिल्या. मला या घाटाबद्दल जो आदर वाटतो तो इथून सुरू होतो.

गोल हिऱ्याचे पन्नासहून अधिक बारीक पैलू उजेडाचे तुकडे करून उधळतात. त्या ठिणग्यांत लहानसहान डाग लपून जातात. पायऱ्यांच्या घाटात पैलू लांब आणि एकमेकांना समांतर. इथे उजेडाची सबंध पट्टी उजळते. बोट जरा हललं की ती काळी पडते आणि समोरची पेटते. ऊन कलताना बारवेच्या एका बाजूच्या पायऱ्या सावलीत जाव्यात तसंच. हा खेळ संथ आहे. त्याला ‘कमी चमक’ म्हणणं मला पटत नाही.

मात्र ज्या लांब पैलूंनी ही शोभा येते, तेच दोषही उघडे करतात. जुन्या ग्रंथांतले बिंदू, रेषा, काकपद इथे सरळ खिडकीत उभे राहिल्यासारखे दिसतात. नायट्रोजनमुळे येणारी पिवळसर झाक गोल हिऱ्यात निभावते, इथे ती तळापर्यंत साचलेली दिसते. म्हणून या घाटाचा नग घेताना वजनाआधी पाणी पाहावं, असं मी आग्रहाने सांगतो. मग पायऱ्या पाहाव्यात: कडा एकमेकींना समांतर हव्यात, चारही कोपऱ्यांतून निघालेल्या रेषा तळच्या टिंबात मिळायला हव्यात. टिंब बाजूला सरकलं की सगळी बारव कलंडते.

आकाराचं कोडं खोलीत आहे. कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, ते वजन, रुंदी नव्हे. एक कॅरटचा गोल हिरा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास भरतो, तर हा साडेपाचच्या आसपास. उरलेलं वजन खाली, पायऱ्यांत उतरलेलं असतं. कोपरे छाटल्याने नग आणखी लहान वाटतो, पण टोकदार कोपरा ठेवला तर तो धक्क्याने उडण्याची भीती. मोठा दिसावा म्हणून नग पसरट घडवला की उजेड तळातून निसटतो. हिऱ्याच्या आतल्या बाजूवर, लंबापासून साडेचोवीस अंशांहून जास्त कलून आलेला किरणच परत फिरतो. पसरट नगात तो कल साधत नाही आणि मधोमध खालच्या बोटाची कातडी दिसते. उलट खोली अवाजवी वाढवली, तर आपण पैसे देतो ते कधीच न दिसणाऱ्या वजनाचे. रुंदीच्या 60 ते 68 टक्के खोली असलेले नग मला भावतात.

वजन की पाणी, हा प्रश्न आपल्याकडच्या एका हिऱ्याने फार मोठी किंमत मोजून सोडवला. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानातला नाशिकचा हिरा 1818 मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाकडून घेतला. तेव्हा तो सुमारे 90 कॅरटचा होता. वजन राखणं ही आपल्या कारागिरांची रीत. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज पेढीने त्याला नवे पैलू पाडले, तरी फार वजन जाऊ दिलं नाही. 1837 मध्ये मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांनी तो विकत घेऊन तलवारीच्या मुठीत जडवला. पुढे 1940 मध्ये तो न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांच्याकडे आला. त्यांनी तो पायऱ्यांच्या लांबट चौकोनी घाटात पुन्हा कापला आणि उरला 43.38 कॅरटचा निर्दोष हिरा. जुन्या हिशेबात पाऊण तोळ्याला किंचित कमी.

पायऱ्यांमागे काही लपत नाही हे एकदा भिंगातून पाहिलं, की विन्स्टन यांचा निर्णय समजतो. गोवळकोंड्याच्या अशा हिऱ्यांची कीर्तीच पाण्याची, आणि ते असं उघडं दाखवणारा घाट दुसरा नाही. तरीही देवापुढच्या त्या जड, तिरकस हिऱ्यासाठी माझा जीव तुटतो. ज्या घाटात आपल्या माणसांनी तो ठेवला होता, तो घाट आता कुणालाच पाहता येणार नाही.

मावशीच्या नगात दुसऱ्या पायरीवर एक बारीक टिंब आहे. मी ते दाखवलं तेव्हा तिने आधी अंगठी पदराने पुसली, मग भिंग मागून घेतलं. बराच वेळ डोळा लावून बसली. “टिंब राहू दे,” म्हणाली, “त्याच्या खाली केवढं खोल आहे रे!”