लोणारचा गाळ व वऱ्हाडचें माळरान : एका निबंधाचें परीक्षण

दंडकारण्याची झाडी तोडून वसाहतकारांनीं वऱ्हाडची काळी जमीन लागवडीस आणली व आज दिसणारे उघडे माळ हे त्याच तोडीचे अवशेष होत, असें विधान आपल्याकडे इतक्या वेळां केलें गेलें आहे कीं, त्यास पुरावा मागण्याचें कोणास सुचत नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या गाळानें तो आतां मागितला आहे. नील्स रीडेल, डोरियन फुलर, सुषमा प्रसाद प्रभृति विद्वानांचा इ. स. २०२१ मध्यें 'सायंटिफिक रिपोर्ट्‌स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला निबंध हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय होय.

उल्कापातानें झालेल्या या विवरांतून पाण्यास बाहेर वाट नाहीं. त्यामुळें आंत आलेला गाळ थरावर थर असा तेथेंच राहतो. सुमारें १० मीटर गाळांत ११,००० वर्षांचा काळ सांठलेला आहे. त्यांतील वनस्पतींचे परागकण कठीण कवचामुळें कुजत नाहींत, व थरांचा काल किरणोत्सर्गी कर्बावरून काढतां येतो. हें दप्तर कोणाच्या हेतूनें लिहिलेलें नाहीं हें खरें. पण लेखनिकाचे दोष त्यांतहि आहेत. वाऱ्यावर उडणारे गवताचे पराग भरपूर येऊन पडतात, कीटकांवर अवलंबून असणाऱ्या वृक्षांचे थोडेच. शिवाय पेरलेलें धान्य व रानगवत यांचे पराग वेगळे ओळखणें फार कठीण.

निबंधाचा पहिला निष्कर्ष असा कीं, सुमारें ६,००० वर्षांपासून मोसमी पाऊस क्षीण होत गेला, दाट अरण्य विरळ झालें व त्याच्या जागीं गवताळ माळ पसरला. यास मनुष्याची कुऱ्हाड अथवा वणवा कारण नव्हे. हा निष्कर्ष आम्हांस मान्य आहे. दायमाबादची सावळदा वसाहत ख्रिस्तपूर्व २२०० च्या सुमाराची; माळ त्याच्या कितीतरी आधींचा. गायरानें व माळ 'पडीक' ठरवून त्यांवर झाडें लावण्याचा हुकूम काढणारांनीं हीं पानें अवश्य वाचावींत. धनगरांचीं मेंढरें जेथें चरतात, तें कोणी उजाड केलेलें अरण्य नसून स्वतःचा इतिहास असलेली भूमि आहे.

दुसरा निष्कर्ष मात्र असा निःशंकपणें स्वीकारतां येत नाहीं. माळ पसरला म्हणूनच शेती व स्थिर वस्ती आली, असें लेखक सुचवितात. आधीं माळ, मग शेती, हा क्रम सिद्ध झाला; कार्यकारणभाव नव्हे. एका सरोवराच्या साक्षीवर सबंध द्वीपकल्पाचा निवाडा करणें, हें एकाच बखरीवर सबंध राज्याचा इतिहास रचण्यासारखें आहे.

याच सरोवरावरील इ. स. २०१४ च्या निबंधांत सुषमा प्रसाद प्रभृतींनीं दोन दीर्घ अवर्षणें दाखविलीं आहेत : पहिलें सुमारें ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वींचें, दुसरें २,००० ते ६०० वर्षांपूर्वींचें. पाणी आटून अतिखारट झालें म्हणजे तयार होणारे गेलुसाइट नांवाचे स्फटिक याच दोन काळांच्या थरांत सांपडले. (हीं वर्षें इ. स. १९५० पासून मागें मोजावयाचीं असतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.) म्हणजे दुसरें अवर्षण ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून इ. स. १३५० च्या सुमारापर्यंतचें. पण सातवाहन, वत्सगुल्माचे वाकाटक, अजिंठ्याचीं लेणीं, देवगिरीचे यादव, बहुतांशीं याच अवधींतले! पाऊस घटला कीं राज्य खचलें, हें सोपें समीकरण येथें टिकत नाहीं. तळीं, विहिरी व बारव बांधणारा समाज अवर्षणास कसा तोंड देत होता, याचें उत्तर परागकणांत मिळावयाचें नाहीं.

तें उत्तर शोधण्याचें कांहीं साहित्य आपल्याजवळ आहे. 'लीळाचरित्र' व 'स्थानपोथी' यांत लोणारचे उल्लेख आहेत. चक्रधरांचा तो काळ म्हणजे तेरावें शतक, अर्थात् अवर्षणाचाच. त्यांतील तीर्थें, धार व देवळें यांचीं स्थानें हस्तलिखितांच्या पाठभेदांसह एकत्र लावावींत. आणि विवरांत कांठालगत जीं यादवकालीन देवळें आहेत, त्यांच्या जोत्यांची उंची आजच्या पाण्याच्या पातळीपासून मोजावी. ज्या देवळाचें जोतें पाण्याच्या फार जवळ असेल, तें बांधतांना पाणी कोठवर होतें, हें प्रथम पाहावें.