निजामशाही चित्रशैली

अहमदनगरच्या निजामशाहीत (१४९०–१६३६) विकसित झालेली लघुचित्रशैली. ही दख्खनी चित्रकलेतील सर्वांत जुन्या ज्ञात शैलींपैकी एक होय. फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते, राजघराण्याच्या संस्थापकाचा पिता मलिक हसन हा पाथरी (जि. परभणी) येथील कुलकर्णी घराण्यातील होता. बुऱ्हाण निजामशाहाने १५१८ मध्ये इमादशाहीकडून पाथरी जिंकून घेतली.

या शैलीचे विवेचन पुष्कळदा मोगल शैलीची उपशाखा म्हणून केले जाते. ते कालक्रमास धरून नाही. हुमायूनने आपल्या दरबारी आणलेल्या मीर सय्यद अली व अब्दुस्समद या इराणी चित्रकारांपासून मोगल शैलीचा उगम झाला. अकबराच्या (कार. १५५६–१६०५) चित्रशाळेत दसवंत, बसावन इ. भारतीय कलावंत त्यांच्या हाताखाली तयार झाले. हम्जानाम्याची चित्रे (सु. १५६२–७७) तेथे रंगविली जात असतानाच अहमदनगरला तारीफ-इ-हुसेनशाही हे सचित्र हस्तलिखित (सु. १५६५–६९) सिद्ध झाले. म्हणजे मोगल फौजा दक्षिणेत उतरण्यापूर्वीच ही शैली आकारास आली होती.

आफताबी या कवीच्या या फार्सी काव्यात पहिला हुसेन निजामशाह (कार. १५५३–६५), त्याची राणी खुंजा हुमायून आणि १५६५ चे तालिकोटचे युद्ध यांचे वर्णन आहे. त्यातील उपलब्ध बारा चित्रे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन केलेली आहेत. त्यांतील सोनेरी आकाश व उंच क्षितिजरेषा इराणी वळणाची आहेत. चोळ्या व गोंड्यांत संपणाऱ्या लांब वेण्या उत्तरेकडील चित्रपरंपरेशी, तर अंगासरशी वेढलेल्या साड्या लेपाक्षीच्या भित्तिचित्रांशी नाते सांगतात. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष फुलण्याचा ‘दोहद’ हा भारतीय संकेत फार्सी काव्याच्या साथीला आला आहे.

मोगल चित्रकाराने पुढे यूरोपीय चित्रांच्या परिचयाने छायाप्रकाश, यथादर्शन व व्यक्तिसादृश्य साधले. ही कसोटी लावल्यास अहमदनगरची चित्रे सपाट, चेहरे एकसाची व युद्धदृश्ये दाटीची वाटतात. हे दोष खरे आहेत. परंतु घटनेचा वृत्तांत देणे हे या चित्रकाराचे मुख्य प्रयोजन नव्हते. उष्ण, गडद रंगांची संगती आणि लयबद्ध रेषा यांतून भाववृत्ती निर्माण करणे हे त्याचे सामर्थ्य होय. व्यक्तिचित्रणाची शक्तीही या शैलीत नव्हती असे नाही; पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील, बहुधा मुर्तजा निजामशाहाचे असलेले चित्र (सु. १५७५) त्याची साक्ष देते.

हस्तलिखितातील अनेक चित्रांत राजाशेजारची राणीची आकृती पुसून वा रंगवून झाकलेली आहे. १५६९ च्या सुमारास मुलाने, म्हणजे मुर्तजाने, तिला कैदेत टाकले. त्यानंतर ही खाडाखोड झाली असावी. सुलतानाच्या बरोबरीने राणीला सिंहासनावर दाखविणे मुसलमानी दरबारी चित्रकलेत विरळाच. ते धाडस या शैलीने केले आणि त्याची किंमतही मोजली. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. या शैलीची थोडीच चित्रे आज उपलब्ध असली, तरी दख्खनी चित्रकलेचे स्वतंत्र मूळ सिद्ध करण्यास ती पुरेशी आहेत.